चुलवाणाचं पेटंट घ्यावं की नकाशा सगळ्यांना वाटून टाकावा?

उद्यमबागचा वेल्डर | ९ फेब्रुवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

बेळगावात उद्यमबागेत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. दोन वेल्डिंग मशीन, एक जुनं लेथ, तीन पोरं. गेले दोन हंगाम संकेश्वरकडच्या एका गुऱ्हाळात एक प्रयोग चाललाय. गुऱ्हाळ पाहिलेल्यांना माहीत असेल, चरकातून निघणारं चिपाड ओलं असतं. ते अंगणात पसरायचं, उन्हात वाळवायचं, परत गोळा करायचं आणि मग चुलवाणात, म्हणजे रस उकळायच्या भट्टीत, घालायचं. ढग आले की बोंब. चिपाड कमी पडलं की लोक काय काय जाळतात ते इथं लिहीत नाही. आणि तिकडं धुराड्यातून एवढी धग फुकट वर जाते, की रात्री लांबून बघितलं तर दिवाळी वाटावी.

मी ती गरम हवा वळवून एका तिरप्या पत्र्याच्या पेटीभोवती फिरवली. वरनं ओलं चिपाड टाकायचं. ते घसरत खाली येईपर्यंत वाळतं आणि चुलवाणाच्या तोंडाशीच पडतं. पहिल्या वर्षी पेटीतच आग लागली, एक आधण, म्हणजे काहीलभर रस, करपलं. दुसऱ्या वर्षी झडप बसवली. आता पेटीत जाळ शिरला की झडप आपोआप पडते, आणि तिच्याच वजनानं गरम हवेची वाट सरळ धुराड्याकडं उघडते. आमच्या वहीप्रमाणं पूर्वी पाच भारे लागायचे तिथं आता चार लागतात. पसरणं-गोळा करणं जवळजवळ बंदच झालं.

आता घरात दोन पार्ट्या झाल्यात. भावजी म्हणतात पेटंट घे, नाहीतर पुढच्या हंगामात गल्लीतला प्रत्येक वेल्डर हेच करून विकेल. भाचा म्हणतो नकाशा नेटवर टाक, लोक नाव काढतील. तुम्ही काय म्हणता?

निपाणीकर | रात्री १०.५८

पयला प्रश्न. अर्ज बेळगावात करायचा का बेळगावीत? दुसरा, आधी चेन्नई का मुंबई ते ठरवा, मग पेटंटचं बघू. आपल्याकडं सगळं तिथंच अडतंय.

चेन्नईची टिळकवाडीकरीण | रात्री ११.२०

हसू नका, उत्तर खरंच तसंच आहे. कर्नाटकातल्या अर्जदाराला चेन्नईचं पेटंट कार्यालय, महाराष्ट्रातल्याला मुंबईचं. कोगनोळी नाक्याच्या अलीकडे चेन्नई, पलीकडे मुंबई. अर्ज ऑनलाइन होतो, त्यामुळे गाडीखर्च नाही. आणि मिळालेलं पेटंट अख्ख्या देशाला लागू, कागलला वेगळं नि निपाणीला वेगळं असं नसतं. माझं रोजचं कामच हे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खर्चाला लोक उगाच घाबरतात. एकट्या माणसाला सरकारी फी अर्जाची १,६०० रुपये, तपासणीची ४,०००. आधी कच्चा अर्ज करून तारीख अडवून ठेवायची, पक्का मसुदा १२ महिन्यांच्या आत द्यायचा. पेटंट मिळालं तर ते जिवंत ठेवायची फी तिसऱ्या वर्षापासून सुरू होते: सहाव्यापर्यंत वर्षाला ८००, मग दहाव्यापर्यंत २,४००, पंधराव्यापर्यंत ४,८००, विसाव्यापर्यंत ८,०००. बेरीज केली तर वीस वर्षांचे ७६,८०० होतात. मसुदा लिहिणाऱ्याचे पैसे वेगळे, आणि तिथे काटकसर करू नका. दावा, म्हणजे नेमकं काय आपलं ते, ढिला लिहिला तर ते पेटंट नुसतं फ्रेम करून भिंतीवर लावायचं.

खरा खर्च पुढे आहे. कुणी नक्कल केली तर दावा किमान जिल्हा न्यायालयात लावायचा. समोरच्याने 'हे पेटंटच रद्द करा' असा उलटा दावा ठोकला की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. म्हणजे तुम्हाला धारवाड खंडपीठ. गल्लीतल्या वेल्डरवर केस लावून धारवाडच्या फेऱ्या मारायची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारा.

मोकळं दार | १० फेब्रुवारी, सकाळी ७.१५

मूळचा खानापूरचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. माझं मत सरळ आहे, वाटून टाका. धूर सगळ्यांच्या नाकात जातो, इलाजही सगळ्यांचा असावा. विजेच्या गाड्यांच्या कंपन्यासुद्धा आता हेच म्हणतात. टेस्लाने २०१४ मध्ये सांगितलं की सद्भावनेने आमचं तंत्र वापरणाऱ्यावर आम्ही पेटंटचे दावे लावणार नाही. टोयोटाने २०१५ मध्ये हायड्रोजन गाड्यांची ५,६८० पेटंटं खुली केली. ते करू शकतात, तर चुलवाणाला कसली कुलपं लावताय?

रात्रपाळी | सकाळी ७.४०

टोयोटाने दार उघडलं, पण आत कोण गेलं? हायड्रोजनची गाडी बेळगावच्या रस्त्यावर बघितली का कुणी? ज्या दुकानात गिऱ्हाईक नाही ते उघडं ठेवायला काय जातंय.

मोकळं दार | सकाळी ८.०२

बरं, मग बॅटरीचं घ्या. लिथियम बॅटरीतला कळीचा कोबाल्ट ऑक्साइडचा शोध जॉन गुडइनफ यांचा, ऑक्सफर्ड, १९८०. विद्यापीठाने पेटंटवर पैसे घालायला नकार दिला. त्यांनी हक्क हार्वेलच्या सरकारी अणुसंशोधन प्रयोगशाळेला लिहून दिले. १९९१ मध्ये सोनीने बॅटरी बाजारात आणली आणि आज ती तुमच्या-आमच्या खिशात आहे. गुडइनफना रॉयल्टी मिळाली नाही, पण २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, नोबेल मिळालं.

रात्रपाळी | सकाळी ८.०९

म्हणजे वेल्डरनी ९७ वर्षांपर्यंत जगायचं. शेडचं भाडं तोपर्यंत कोण देणार?

चेन्नईची टिळकवाडीकरीण | सकाळी ९.३०

मोकळं दार, तुमच्या उदाहरणात हक्क सोडले गेले नव्हते, ते दुसऱ्याच्या हातात गेले होते. हे वाटून टाकणं नव्हे.

त्याच गुडइनफांच्या प्रयोगशाळेतली पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९९० च्या दशकात टेक्सासमध्ये लोह-फॉस्फेटची बॅटरी निघाली. आज रिक्षांत, बसमध्ये, घरच्या इन्व्हर्टरमध्ये जी येते तीच. त्यावर पेटंटं झाली, कोर्टकज्जे झाले. पुढे चिनी कारखान्यांना मुभा मिळाली, की माल चीनमध्येच विकणार असाल तर परवान्याचं शुल्क नाही. त्यांनी वर्षानुवर्षं घरच्या बाजारात हात बसवून घेतला. २०२२ च्या सुमारास मुख्य पेटंटं संपली तेव्हा स्वस्तात आणि ढिगाने बनवणारे तेच उरले होते. बाकी जग मुदत संपायची वाट बघत बसलं होतं.

जुना सायकलवाला | दुपारी १२.१०

बत्तीस वर्षं यंत्रशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. टेस्ला-टोयोटा राहू द्या. वेल्डरच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उदाहरण अडीचशे वर्षांपूर्वीचं आहे.

जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाचं पेटंट १७६९ मध्ये घेतलं आणि १७७५ मध्ये पार्लमेंटकडून खास कायदा करवून मुदत १८०० पर्यंत ताणली. त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कॉर्नवॉलच्या तांब्या-कथलाच्या खाणी, पाणी उपसण्यासाठी. आता पैसे कसे घ्यायचे ते बघ. जुन्या न्यूकमेनच्या इंजिनापेक्षा जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांना. म्हणजे तुझ्या भाषेत, वाचलेल्या भाऱ्याचा तिसरा वाटा. इंजिनाचे हेलपाटे मोजायला त्यांनी कुलूपबंद मोजणीयंत्रंही बसवली होती.

खाणमालक आधी खूश होते, मग वैतागले. पैसे थकवले, कोर्टात गेले. हॉर्नब्लोअर नावाच्या अभियंत्याने दोन सिलिंडरचं इंजिन काढलं होतं, तो वॅटच्या पेटंटमुळे अडकला. १८०० मध्ये मुदत संपली. १८११ पासून त्याच कॉर्नवॉलमध्ये दर महिन्याला एक अहवाल छापला जाऊ लागला. कुठल्या खाणीच्या इंजिनाने किती कोळशात किती पाणी उपसलं, अभियंत्याच्या नावासकट. सगळे एकमेकांचं बघून सुधारू लागले. तिथल्याच ट्रेव्हिथिक नावाच्या अभियंत्याने १८१२ मधल्या आपल्या जास्त दाबाच्या इंजिनाचं पेटंट घेतलं नाही. पुढच्या काही दशकांत तेवढ्याच कोळशात दुप्पट-तिप्पट पाणी निघू लागलं.

हा ट्रेव्हिथिक १८३३ मध्ये कंगाल होऊन मेला, हेही लिहून ठेवतो. नाहीतर मोकळं दार आता टाळ्या वाजवतील.

जाता जाता घरचं उदाहरण. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. बेळगावात त्यांचं सायकलचं दुकान होतं. परदेशी नांगर डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी लोखंडी नांगर केला, तर शेतकरी म्हणायचे लोखंडानं जमिनीला विष चढतं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. नक्कल होण्याची भीती नंतरची. आधी कुणीतरी विकत घ्यायला हवं.

खानापूरची लेक | दुपारी १.०५

सरांचं शेवटचं वाक्य माझ्या आईला ऐकवलं. आमच्याकडं निर्धूर चुली वाटल्या होत्या, फुकट. पहिल्या पावसाळ्यात पाईप गंजला. दुरुस्त करणारा कोणी नव्हता, कारण त्यात कुणाला चार पैसे मिळत नव्हते. ती चूल अजून परसात आहे, कोंबडी अंडी घालते.

निपाणीकर | दुपारी १.१२

म्हंजे ऊर्जा निर्मिती चालूच हाय की.

लोहचुंबक क्रांती | दुपारी ३.३३

चुलवाण वगैरे जुन्या गोष्टी आहेत. माझ्या मित्राने चुंबकावर चालणारी मोटर बनवली आहे, एकदा ढकलली की थांबत नाही, लाईट बिल शून्य. मोठ्या कंपन्या दाबून टाकतील म्हणून पेटंट घेतलं नाही. वेल्डर साहेबांनी संपर्क करावा.

रात्रपाळी | दुपारी ३.३५

थांबत नाही तर मित्र झोपतो कसा?

चेन्नईची टिळकवाडीकरीण | दुपारी ४.००

निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेल्या गोष्टीला पेटंट नाही, हे कायद्याच्या कलम ३ मध्ये पहिलंच आहे. तेव्हा कंपन्यांनी दाबायची गरज पडणार नाही. अणुऊर्जेच्या शोधांवरही कलम ४ ची बंधनं आहेत, मित्र तिकडे वळला तर त्यालाही सांगा.

वेल्डर, आता तुमच्याकडे वळते, आणि जरा कडू बोलते. पेटंटला तीन गोष्टी लागतात: नवेपणा, जाणकाराला सहज सुचणार नाही अशी उडी, आणि उपयोग. उपयोग आहेच. पण धुराड्याच्या धगीवर चिपाड वाळवणं साखर कारखान्यांना नवं नाही. रस उकळायच्या काहिलीच्या बुडाला पत्र्याचे पंख जोडून इंधन वाचवण्यावरही लखनौच्या ऊस संशोधन संस्थेतून निबंध आलेत. नुसती तिरपी पेटी मला कमकुवत वाटते. झडप मात्र जरा नीट सांगा. तिला पाडतं कोण?

आणि मुख्य प्रश्न: हे आजवर कुठे दाखवलंय का?

उद्यमबागचा वेल्डर | रात्री ९.५०

झडप सुतळीला टांगलीय. जाळ आला की सुतळी जळते, झडप पडते. नायलॉनची दोरी घालून बघितली होती, ती वितळून लोंबकळते, वेळेवर तुटत नाही. सुतळी बेस्ट. रोज सकाळी नवी बांधायची, दोन रुपयांचं काम.

दाखवलंय म्हणजे, गुऱ्हाळात येणारे-जाणारे बघतात की ओ. आणि भाच्यानं संक्रांतीला एक व्हिडिओ टाकला होता. बऱ्याच लोकांनी बघितलाय.

निपाणीकर | रात्री ९.५१

आयो.

चेन्नईची टिळकवाडीकरीण | रात्री १०.१५

गुऱ्हाळातल्या वापराचं फार भय नाही. चाचणी उघड्यावर घेणं भाग असेल, तर त्यानंतर वर्षाच्या आत अर्ज केल्यास कायदा सवलत देतो. तुमचा दुसरा हंगाम त्यात बसवता येईल, पहिल्या हंगामात झडप नव्हतीच. पण व्हिडिओला ती सवलत नाही. आपल्याकडे स्वतःच जाहीर केलेलं असलं तरी ते जाहीरच. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनासारखे मोजके अपवाद आहेत, भाच्याचा चॅनेल त्यात येत नाही.

तो व्हिडिओ आत्ता तीनदा पाहिला. पेटी बाहेरून दिसते, चिपाड पडताना दिसतं, उकळती काहील आणि गुळव्या दिसतो. ३ मिनिटं ४० सेकंदांना कुणीतरी वरचं झाकण उचलतं, पण वाफेने काही दिसत नाही. झडप नाही, सुतळी नाही. वाफेचे आभार माना. पेटी गेली असं समजा, झडप अजून तुमची आहे. वितळणारी कडी लावलेली आगीची झडप जगात जुनी आहे, पण एकाच वजनाने चिपाडाची वाट बंद आणि हवेची वाट उघडी, यावर वाद घालता येईल. जिंकू असं वचन देत नाही.

मोकळं दार | रात्री १०.४०

तसं असेल तर पेटी आणि झडप दोन्हींचा नकाशा उद्याच तारखेनिशी जाहीर करा. मग दुसरा कुणीही त्यावर पेटंट घेऊ शकणार नाही. हेही संरक्षणच आहे, आणि फुकट आहे.

चेन्नईची टिळकवाडीकरीण | रात्री १०.५२

खरंय, आणि प्रामाणिक मार्ग आहे. फक्त तो एकदा घेतला की परत फिरता येत नाही. आधी कच्चा अर्ज करून मग वाटून टाकता येतं, उलटं करता येत नाही. तिसरी वाटही आहे. गुजरातमधल्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनवाल्यांनी ती मांडलीय: माणसाने माणसाची नक्कल करावी, शेतकऱ्याने-कारागिराने खुशाल बनवावं, पण कंपनीने बनवून विकायचं असेल तर परवाना घ्यावा, पैसे द्यावेत. गावाकडच्या संशोधकांचे पेटंट अर्जही ते करून देतात.

काहीलवाला | ११ फेब्रुवारी, सकाळी ६.२०

राम राम. ज्या गुऱ्हाळाचं चाललंय त्याचा मालक मी. नात वाचून दाखवती, मी सांगतो, ती लिहिती.

पोरा, पत्रा तुझा, वेल्डिंग तुझं, पेटी तुझ्याच डोक्यातली. माझं आधण करपलं त्याचं मी एका शब्दानं काढलं न्हाई. पण 'झडप बसवली' असं लिवलास ते वाचून बरं वाटलं न्हाई. सुतळी तुला सुचली हुती व्हय?

उद्यमबागचा वेल्डर | सकाळी ६.४५

आबा, चुकलो. गडबडीत लिहिलं. तुम्हीच सांगितलेलं ते. अर्ज केला तर तुमचं नाव माझ्या आधी घालतो.

काहीलवाला | सकाळी ७.१०

माझं कशाला घालतोस. मी तुला सांगितलं, मला जाळ घालणाऱ्या गड्यानं सांगितलं. आग लागली त्या रात्री पेटी पाडायला तोच पुढं झाला, हाताला फोड आलं. दुसऱ्या दिवशी फडकं बांधून परत चुलवाणापुढं बसला आणि मला म्हणाला, मालक, दार सुतळीला बांधा, सुतळी जळंल, दार पडंल. वजनाचा दगडबी त्यानंच हुडकून आणला. हवंची वाट उघडायची तुमची अक्कल त्यावर नंतर चढली.

जुना सायकलवाला | सकाळी ८.३०

आम्ही दोन दिवस वॅट आणि ट्रेव्हिथिक घोळवतोय, आणि हा माणूस धाग्यातच नाही.

चेन्नईची टिळकवाडीकरीण | सकाळी ९.०५

आबा, सांगितलंत ते फार बरं झालं. कायद्यात 'खरा आणि पहिला संशोधक' असा शब्द आहे. त्याचं नाव वगळून अर्ज केला आणि पुढे कुणी ते दाखवून दिलं, तर पेटंटच धोक्यात. आणि नाव घातलं तर नुसतं शोभेला नसतं. वेगळा करार नसेल तर पेटंटचे मालक सारख्या वाट्याचे, आणि एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला परवाना विकता येत नाही. तेव्हा पेटंट की वाटप, हे आता वेल्डर एकटे ठरवू शकत नाहीत. त्यालाही विचारावं लागेल.

भाच्याला तेवढं सांगा, नवा व्हिडिओ नको.

उद्यमबागचा वेल्डर | रात्री ८.३०

आज शेड लवकर बंद करून आबांकडं जाऊन आलो. गडी गेल्या आठवड्यात हिशेब घेऊन गावाकडं गेला, रायबाग तालुक्यात. फोन बंद येतोय. आबांच्या वहीत नुसतं हाक मारायचं नाव आहे. मराठी समजतं त्याला, पण बोलतो कन्नडच. माझं कन्नड भाजीपाल्यापुरतं. मला दोन वर्षं वाटत होतं तो नुसता जाळ घालतो.

अर्जावर नाव कुठलं घालायचं? आणि त्याला समजेल अशा भाषेत तो अर्ज मिळतो का?

चेन्नईची टिळकवाडीकरीण | रात्री ८.४८

नाव आधार कार्डावरचं, पत्ता पिनकोडसकट. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत, बाकी कुठल्या भाषेत चालत नाही. म्हणून आधी सही घेऊ नका. फुकट वाटलं तर काय, पेटंट घेतलं तर काय, दोन्ही त्याच्यासमोर कन्नडमध्ये मांडा. मी दोन पानं साध्या शब्दांत लिहून देते, तुम्ही कुणाकडून तरी भाषांतर करून घ्या.

निपाणीकर | रात्री ८.५५

मराठी चालत न्हाई, कन्नडबी चालत न्हाई. एका बाबतीत तरी सीमाभागात समान न्याय.

कन्नड मला येतंय, बायको चिकोडीची हाय. रविवारी गाडी मोकळी हाय. सकाळी सातला निपाणी स्टँडवर या, येताना कुंदा घेऊन या. त्याच्यासाठी एक डबा, माझ्यासाठी एक.

काहीलवाला | रात्री ९.१५

नवीन गुळाची एक ढेप माझ्याकडनं न्या त्याला. आणि हात बरा झालाय का बघून या.